एकशे ऐंशी उंदरांएवढं काजळ

मला लिहायची हौस नाही. चौथीत शाळा सोडली ती गुरुजींच्या आणि माझ्या, दोघांच्या आनंदानं सोडली. पण आमच्या घरी पाहुणा आला की चहा उकळायच्या आत माझी बायको दुलारी ही गोष्ट सांगायला बसते, आणि चुकीची सांगते. तिच्या सांगण्यात मी ते काजळ गडवाभर, म्हणजे तांब्याभर, प्यालो. गडवा नव्हता, चमचा होता. तिच्या सांगण्यात मी रडलो. रडलो नाही, डोळ्यात काजळी गेली होती. शेवटी नातीनं वही आणून पुढ्यात टाकली. म्हणाली, "आबाजी, रोज आजीवर खेकसून राहिले, त्यापेक्षा तुमीच लिवा ना." म्हणून लिहून राहिलो. शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं वही इथंच खाली ठेवावी.

नात म्हणजे दुर्गेश्वरी, माझ्या मोठ्या पोराची पोरगी. नागपूरला केमिस्ट्री शिकते. (आमच्या घराण्यात शिकलेलं म्हणजे मी चौथी, माझा पोरगा बारावी नापास, आणि ही एकदम एम.एस्सी.च्या पुढे. मधल्या पायऱ्या कुठं गेल्या देव जाणे.) दोन हजार तेराच्या थंडीत ती महिनाभर सुट्टी काढून घरी आली. आमचं गाव कोहमाऱ्याहून आत सहा किलोमीटर. मला वाटलं, पोरगी धान मळायला मदत करेल. ती आली आणि म्हणाली, "आजी, मले काजळ पाडायचं हाय."

आता दुलारीचं काजळ म्हणजे आमच्याकडं नावाजलेलं. आम्हा पोवारांत छठीला, म्हणजे लेकरू सहा दिवसांचं झालं की, आत्या दिवा लावून काजळ पाडते आणि बाळाच्या डोळ्यात घालते. दुलारी अर्ध्या गावाची आत्या आहे, उरलेल्या अर्ध्या गावाला तिनं आपल्या मनानं भाचा करून घेतलं आहे. टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, मातीच्या दिव्यात घालायचं, वर काशाची थाळी पालथी घालायची, आणि थाळीला धरलेली काजळी अलगद खरवडून घ्यायची. तेच दुर्गेश्वरीला हवं होतं.

"बाई, लगन नाई तुहं अजून, अना छठीची कायची घाई?" दुलारी म्हणाली.

"आजी! मशीनखाली पाहाले पायजे."

मग तिनं आम्हाला बसवून समजावलं. काजळीत म्हणे कोळशाचे बारीक बारीक कण असतात. त्यातले काही कण असे की साठ कणांनी हात धरून गोल चेंडू केलेला. आतून पोकळ. काही चेंडू एकात एक असे बसलेले, त्यांना ते लोक कांदेच म्हणतात. जगात मोठमोठे लोक हे कारखान्यात बनवून राहिले, आणि आपल्या थाळीवर ते फुकट पडतात का, हे तिला पाहायचं होतं. तिच्या सुलोचना मॅडमनं नागपुरात तिला हेच काम दिलं होतं.

"केवढा असते चेंडू?" मी विचारलं.

तिनं सुपातला एक तांदूळ उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "या तांदळाच्या लांबीत, आबाजी, एका रांगेत सत्तर लाख."

मी त्या तांदळाकडं पाहत राहिलो. आमच्या सगळ्या गोंदिया जिल्ह्यात माणसं तेरा लाख. असे पाच जिल्हे या एका दाण्यावर रांगेनं उभे राहतील आणि वर जागा उरेल. मी बहात्तर वर्षं धान पिकवला, खाल्ला, उंदरांना दिला, पण तांदळाला एवढी लांबी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो दाणा मी परत सुपात टाकला नाही. खिशात ठेवला. (पुढं तो धुण्यात गेला.)

"अना ह्याचा उपेग काय?" दुलारीनं विचारलं. बायका मुद्द्याचं विचारतात.

"औषध नेऊन पोचवाचं, कॅन्सरवालं. लोखंडाले जसा गंज चढते तसा माणसाच्या अंगाले आतून चढते, तो हे चेंडू पिऊन घेतात म्हणतात. परदेशात उंदराईले तेलात मिसळून देलं, त ते दुप्पट जगले."

पुढं ती आणखी बोलली. ते एकदाच कुठं तरी छापून आलं आहे, खरं की खोटं ठरायचं आहे, माणसानं असं काही खायचं नाही, आणि काजळी तर मुळीच नाही, फुफ्फुसं खराब होतात. हे सगळं ती बोलली, मी नाकारत नाही. पण 'दुप्पट' या शब्दानंतर माझे कान बंद झाले होते.

कारण केशोराव.

केशोराव माझा चुलतभाऊ. घर शेजारी, शेत शेजारी, वय माझ्याहून चार महिन्यांनी कमी. या चार महिन्यांची त्याला भारी मिजास. बांधावरून आमचं एकोणीसशे ब्याऐंशीपासून बोलणं नाही. (भांडण आहे. त्याला बोलणं म्हणत नाहीत.) तो पारावर सगळ्यांना सांगतो, "तुल्या माह्या आंधी जाईन, मंग पाहतो त्याचा बांध." (तुल्या म्हणजे मी.) माझं आयुष्यात आता एकच काम उरलं होतं, त्याच्या तेरवीचं जेवायचं. दुप्पट जगलो तर दोनदा जेवलो असतो.

वीस-बावीस दिवस दुर्गेश्वरी कोठीच्या खोलीत भरदुपारी दार लावून दिवे पेटवायची. थाळी पालथी, नाकाला फडकं. पाखराच्या पिसानं काजळी झाडून अंगठ्याएवढ्या काचेच्या शिशीत भरायची. शिशीवर चिठ्ठी: नमुना क्रमांक एक. शिशी देवघरात. मी रोज देवाला नमस्कार करायचो आणि नजर शिशीवर. हलकं एवढं की शिशी हलवली तर आत धुरासारखं फिरायचं. काळं कसलं, रात्रीचा चुरा केल्यासारखं. आणि त्यात ते गोल गोल चेंडू, जुळ्यासारखे सारखे, देवानं मोजून केलेले. खरं सांगतो, मूर्तीपुढं एवढे हात जोडले गेले नव्हते माझे.

मग ती तीन दिवसांसाठी मैत्रिणीच्या लग्नाला गोंदियाला गेली. जाताना म्हणाली, "आजी, शिशी जपजो."

दुलारीला म्हणाली. मला नाही. हे लक्षात ठेवा.

माझा विचार चिमूटभराचाच होता. पण मग हिशेब डोक्यात आला. दुर्गेश्वरीनं सांगितलं होतं, तो परदेशी उंदीर तीनशे ग्रॅमचा. मी धान खरेदीच्या काट्यावर उभा राहिलो होतो तेव्हा भरलो चोपन्न किलो. म्हणजे मी एकशे ऐंशी उंदरांएवढा. चिमूटभरानं एक उंदीर दुप्पट जगेल, उरलेले एकशे एकोणऐंशी जसेच्या तसे मरतील, मग मला काय फायदा? म्हणून जवसाचं तेल वाटीत घेतलं, शिशी उपडी केली आणि चमच्या चमच्यानं घेतलं. चमच्यानं.

चव विचारू नका. जळालेल्या कंदिलानं तोंडात जीव सोडल्यासारखी.

दुलारी अंगणातून आली. माझ्याकडं पाहून थबकली.

"काय जी, तोंडाले काय झालं?"

"काय झालं?"

"जीभ पाहा आरशात. म्हशीची बरी."

"जांभळं खाल्ली."

"पौषात?"

मी म्हणालो, केशोरावच्या झाडाला अवेळी आली आहेत. हे मात्र तिला पटलं, त्या माणसाच्या घरी काहीही होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे पाहिलं ते लिहीत नाही, वहीत नात वाचणार आहे. एवढंच सांगतो की मला वाटलं, दुप्पट राहो, एकपट पण संपलं. पण दुपारी भूक लागली, आणि भूक लागल्यावर अंगात असा जोर आला की काय सांगू. गुडघा दुखेना. नजर साफ. (आदल्या दिवशी चष्मा पुसला होता, तेही असेल.) मी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर चढलो, शिडी न लावता. वर उभा राहून मोठा श्वास घेतला. पोटात माझ्या अब्जावधी चेंडू गंज पिऊन राहिले होते, खाली केशोराव खाटेवर खोकत होता. मला त्याची कीव आली. बिचारा, एकदाच जगणारा माणूस.

तेवढ्यात खालून दुलारी ओरडली, "अवं बाई! काय जी, कायले चढले तिथी? उतरा! पोरीचा फोन आल्ता. उद्या येते, अना सीधी नागपूरले जाते. शिशी तयार ठेवजो म्हणे. पाच महिन्यानं मशीनचा नंबर लागला तिचा, आता हुकला त वरीस वाया जाते म्हणे!"

अंगातला जोर जिथून आला होता तिथून निघून गेला. उतरता येईना. दुलारीनं शिडी आणली.

मी काही वाईट माणूस नाही. पोरीचं एक वर्ष. सकाळी पाचला उठून, बसला लोंबकळून, मेसचं बेचव खाऊन शिकलेलं वर्ष. आणि ते माझ्या पोटात. चूल खरवडून पाहिली. ती काजळी तांबूस, चिकट, वर राख. घासलेटाची चिमणी लावावी तर घासलेट संपलेलं. टोरीचं तेल होतं, पण एका दिवसात शिशी कशी भरायची? मग मला केशोरावचा ट्रॅक्टर दिसला. अंगणात उभा. चढावर असा काळा धूर सोडायचा की मागून येणाऱ्याला सूतक लागावं. आणि बॉनेटच्या बाजूनं वर गेलेली ती सायलेन्सरची नळी.

केशोराव दुपारी झोपतो. मी रिकामी शिशी, फडकं, चमचा आणि दुर्गेश्वरीचं पाखराचं पीस घेऊन गेलो. चाकावर पाय ठेवून चढलो आणि नळीत कोपरापर्यंत हात घातला. आत काजळी मऊ, कोरडी, काळीभोर, बोटाला लागताच उडणारी. शिशी अर्धी भरली होती.

"काऊन बे तुल्या! माह्या ट्रॅक्टरच्या नळीतून कोणता मोती काहाडून राहिला?"

एकतीस वर्षांत हे त्याचं माझ्याशी पहिलं साधं वाक्य.

"पाल घुसली होती," मी म्हणालो.

"मंग?"

"काहाडून देऊन राहिलो तुले."

"माहा ट्रॅक्टर, माही पाल, तुले कायची फिकर?"

"जीव हाय तिले!"

तो विचारात पडला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा मी माझ्याबद्दल आदर पाहिला, म्हणजे भीती असेल. वेडा झाला समजून तो दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात शिशी भरली.

दुर्गेश्वरी आली, शिशी उजेडात धरली, रुमालात गुंडाळून नागपूरला गेली. मी सुटलो असं वाटलं.

पंधरा दिवसांनी फोन. पोरगी बोलत नव्हती, नाचत होती. "आबाजी, कांदे! कांदे दिसले! मॅडम म्हणते, दिव्याच्या काजळीत इतके चांगले कोणी पाहिलेच नाईत! आजीले घेऊन या, मॅडमले आजीचा सत्कार कराचा हाय. शाल-श्रीफळ! मंग त्या हे छापाले पाठवून राहिल्या, माह्या नावानं!"

दुलारी चुलीजवळ बसली होती. तिनं फोन ऐकला आणि पदर नीट केला, जणू मॅडम फोनमधून पाहत होती. आयुष्यात नागपूर तिनं दोनदा पाहिलेलं, दोन्ही वेळा दवाखाना. मी तिला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण ती पेटीतून लग्नातलं लुगडं काढत होती.

कोहमाऱ्याहून बसनं निघालो. अडीच-तीन तास मी खिडकीबाहेरचे खांब मोजत बसलो. दुलारी म्हणाली, "पोट दुखते काय जी?" मी म्हणालो, हो. खोटं नव्हतं.

सुलोचना मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलणं पुण्याकडचं, 'आपण बसा ना'. दहा-बारा पोरं-पोरी, एक अंधारी खोली, आणि खोलीत माणसाहून उंच मशीन. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, आधी तुम्ही बघा. तुमच्या घरचं आहे."

पडद्यावर चित्र आलं.

मी काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, चौथीत तेवढे शब्द शिकवत नाहीत. राखाडी रंगात एक गोल. त्याच्या आत गोल. त्याच्या आत आणखी गोल. कांदा मधोमध कापला की पापुद्रे दिसतात तसे, पण इतके बारीक, इतके नेमके की कोणी बसून कोरले असते तर त्याचा जन्म गेला असता. त्याच्या शेजारी दुसरा. मागं शंभर. मॅडमनं बटण फिरवलं की आणखी कांदे, शेतंच्या शेतं कांदे. काळा धूर, जो मी आयुष्यभर डोळ्यासमोरून हातानं बाजूला सारला, त्याच्या आत ही एवढी कारागिरी चालली होती आणि कोणाला दाखवायची तिला घाई नव्हती. मी टोपी काढली. का काढली माहीत नाही. मागं एक पोरगा हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

"इतकं सुंदर," मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि आजीबाईंच्या दिव्यात!" त्यांनी शाल उचलली. दुलारीनं खांदे सरळ केले. दुर्गेश्वरी दाराशी उभी, डोळे भरलेले, हसू कानापर्यंत.

आता हे छापलं जाणार होतं. जगभरची माणसं टोरीचं तेल जाळून पाहणार, त्यांना काही मिळणार नाही, आणि म्हणणार, गोंदियाकडची ती पोरगी खोटी आहे. माझ्या पोरीला खोटी म्हणणार. दुलारीचं काजळ खोटं म्हणणार.

"थांबा जी," मी म्हणालो. "हे दिव्याचं नाई."

"मग कशाचं?"

"केशोरावच्या ट्रॅक्टरचं."

मॅडमची शाल अर्ध्या हवेत.

"आणि दिव्याचं?"

"ते मी खाल्लं."

दुर्गेश्वरीचं हसू उतरलं ते मला अजून दिसतं. दुलारी मात्र माझ्याकडं वळली आणि सगळ्यांसमोर, लग्नातल्या लुगड्यात, म्हणाली, "पौषात जांभळं! मले वाटलंच होतं! बहात्तर वर्साचा माणूस, काजळ खाते! मांजर तरी विचार करते!"

मॅडमनं शाल घडी करून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता पोलीस. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ट्रॅक्टर किती जुना आहे? आणि आजोबा, तुम्ही डॉक्टरकडे जा. आजच."

डॉक्टरनं तपासलं, छातीचा फोटो काढला, म्हणाला काही नाही, पुन्हा खाऊ नका. किती जगेन विचारलं तर म्हणाला, सगळे जगतात तितकं.

दुर्गेश्वरी शिवरात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी आली, परत दिवे लावले, आणि या वेळी शिशीला कुलूप घातलं. मॅडमनं मशीनवर तिचा नंबर पुन्हा लावून दिला, वर्ष गेलं नाही. जाताना माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आबाजी, तुमी सांगतलं नसतं तर मी बुडली असती." एवढंच. माझ्या जन्माचं पुरलं.

दिव्याच्या काजळीत कांदे थोडेच निघाले. ट्रॅक्टरच्या नळीत भरपूर. पोरीला केशोरावच्या दारी जावं लागलं. मी सोबत गेलो, कारण दुलारी म्हणाली, नाही गेलात तर जेवण नाही. केशोरावनं स्वतः नळी खरवडून दिली आणि मला म्हणाला, "पाल भेटली का बे?"

ते सगळं शेवटी दोन वर्षांनी इंग्रजीत छापून आलं. दुर्गेश्वरीचं नाव वर. तिनं मला एकेक ओळ मराठीत सांगितली. खाली आभार. दुलारीचे आभार, काजळ पाडण्याची जुनी रीत दाखवल्याबद्दल. केशोरावचे आभार, नमुना दिल्याबद्दल, ट्रॅक्टरच्या सालासकट. (त्यानं तो कागद फ्रेम करून पारावर आणला होता.)

"अना मी?" मी म्हणालो.

तिनं पान उलटलं. "तुमी बी हाय, आबाजी. आतमंधी. मॅडमनं लिवलं."

"वाच."

"'पहिला नमुना घरातील अस्वच्छतेमुळे वाया गेला.'"

दुलारी एकदम तापली. "माह्या घरी अस्वच्छता? रोज दोनदा सारवते मी!"

"आजी, घराले नाई म्हणलं."

दुलारी माझ्याकडं पाहायला लागली, पायापासून टोपीपर्यंत, आणि मग तिला पटलं.

मी रोज आंघोळ करतो, थंडीतही, विहिरीच्या पाण्यानं. तेव्हा ती ओळ जगभर वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की माफी मागायची राहिली आहे, आणि ती मागायची आहे नागपूरच्या सुलोचना मॅडमनं.